आत्या, झोपलीस का?

‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मी आयुष्यात तीनदा वाचल्या. पहिल्यांदा बाराव्या वर्षी, दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, कंदिलाची काच काळी होईपर्यंत. दुसऱ्यांदा चाळिशीत, मुलांना वाचून दाखवायच्या निमित्ताने. आणि तिसऱ्यांदा यंदाच्या पावसाळ्यात. डोळ्याचे ऑपरेशन झाले, महिनाभराने डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली, आणि पहिले पुस्तक कोणते घ्यावे हा विचार काही मला करावा लागला नाही. सुनेने विचारले, “या वयात राक्षसांच्या गोष्टी?” मी म्हटले, “या वयातच.”

पण खरे सांगायचे तर हा हिशेब चुकीचा आहे. पहिल्या वाचनाच्या आधी सात वर्षे या गोष्टी मी रोज रात्री ऐकत होतो, आणि त्या अरबस्तानातल्या आहेत याचा मला पत्ता नव्हता. माझ्या समजुतीप्रमाणे त्या शिरूरच्या होत्या.

शिरूरला आमच्याकडची जुनी माणसे घोडनदीच म्हणतात. पुण्याहून नगरला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. वडील एका आडतीच्या दुकानात दिवाणजी होते. आमचे घर दोन खणांचे, पुढे ओसरी, मागे न्हाणी. महाराष्ट्रातली एस. टी. ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली ती याच पुणे-नगर रस्त्यावर, आणि त्याच पावसाळ्यात आमची आत्या एस. टी. तून उतरून घरी आली. बरोबर पत्र्याची एक ट्रंक होती. आठ दिवसांसाठी आले आहे, असे ती म्हणाली. सासरी काय झाले होते ते आम्हा मुलांना कधी कळले नाही. मोठ्यांना कळले असावे, कारण आठ दिवस झाल्यावर कुणी तिला परतीच्या गाडीची वेळ विचारली नाही.

रात्री ओसरीवर घोंगड्या पसरून आम्ही पोरे निजायचो. मी, धाकट्या दोन बहिणी आणि शेजारची कुणी कुणी. आत्या भांडी आवरून यायची आणि भिंतीला पाठ लावून बसायची. डोळे मिटलेले. मग माझी धाकटी बहीण हळूच विचारायची, “आत्या, झोपलीस का?”

“नाही गं. डोळे नुसते मिटलेत.”

हे आमचे दार उघडणे होते. त्यानंतर गोष्ट.

त्या गोष्टी काय सांगू! भीमेवर जाळे टाकणारा एक गरीब कोळी होता. त्याच्या जाळ्यात एकदा मेलेले गाढव आले, एकदा चिखल आला, आणि एकदा तांब्याचा गडू आला. तोंडाला शिसे ओतून बंद केलेला. गडू उघडल्याबरोबर त्यातून धूर निघाला आणि धुराचा झाला साहेब. हो, साहेबच. डोक्यावर टोप, अंगात लाल कोट, आणि उंची एवढी की पाय पाण्यात आणि टोप ढगात. शिरूरला पूर्वी इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल वॉलेस 1809 मध्ये वारला आणि गावाने त्याला सत्पुरुष करून टाकले. सुगीचे पहिले धान्य त्याच्या थडग्यावर नैवेद्य म्हणून नेत असत, अशी नोंद पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. आत्याच्या गडूतून निघणारा राक्षस हा असा अर्धा अरबी आणि अर्धा वॉलेससाहेब होता. तो कोळ्याला म्हणायचा, “तुला कसा मारू, तेवढं तू सांग.” आणि तेही अगदी नम्रपणाने.

समुद्र आत्याने जन्मात पाहिला नव्हता. तिच्या सिंदबादचा समुद्र म्हणजे श्रावणात दोन्ही काठ भरून चाललेली घोडनदी. पण चाळीस चोरांच्या रांजणांची तिने जी व्यवस्था लावली होती तिला तोड नाही. शिरूर तालुक्यात टाकळी हाजीला मळगंगेचे देऊळ आहे, आणि तिथे कुकडी नदीच्या पात्रात, अलीकडे टाकळी आणि पलीकडे निघोज अशा मधल्या कातळात, रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे हजारो वर्षे गरगर फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या बसाल्टमध्ये माणूस उभा मावेल असे खोल, गोल, गुळगुळीत रांजण कोरले. ही भूगोलाची हकीकत मला पुढे कळली. आत्याच्या हकिकतीप्रमाणे ते चोरांचे रांजण होते. चोर त्यात दबा धरून बसले, घरातल्या मोलकरणीने, म्हणजे मंजुळेने, गुऱ्हाळातली उकळती काकवी आणून एकेकात ओतली, आणि चोरांसकट रांजणांचा दगड झाला. एकदा आम्हाला बैलगाडीतून मळगंगेच्या दर्शनाला नेले होते. धाकटी बहीण त्या खळग्यांच्या काठाशी जायला तयार होईना. मी मात्र वाकून पाहिले. खाली हिरवे पाणी होते आणि पाण्यात कुणीतरी माझ्याकडे पाहत होते.

आणि गुहेचे दार! “तिळा, तिळा, दार उघड.” लोभी भाऊ गुहेत अडकतो आणि नेमका तीळ विसरतो. मग तो आठवेल त्या धान्याला हाक मारत सुटतो. इथे आत्या शिरूरच्या बाजारातली सगळी पोती उघडायची. “जोंधळा, दार उघड. बाजरी, दार उघड. हुलगा, मटकी, करडई, मठ...” आम्ही गळा काढून ओरडायचो, “तीळ! तीळ!” आणि आत वही लिहीत बसलेले वडील, जे एरवी हसत नसत, ते तिथून म्हणायचे, “अंबाडी राहिली.”

साखर रेशनवर होती त्या दिवसांत तिने आम्हाला रिकाम्या ताटांवरून फराळही वाढला आहे. एका भुकेल्या माणसाला एक श्रीमंत माणूस जेवायला बसवतो आणि नुसत्या हाताच्या हालचालींनी पक्वान्ने वाढतो, ही मूळची गोष्ट. आत्या हवेतून चकल्या काढायची आणि आम्ही त्या कुडकुड वाजवून खायचो. एक बहीण म्हणाली, “मला तिखट लागली.” लगेच आत्याने हवेतून पाणी दिले.

एका रात्री मी जागा होतो. आत आईचा आवाज आला, “वन्संचं काय ठरवलंय तुम्ही? आठ दिवसांचे आता किती झाले?” आईला मी दोष देत नाही. दिवाणजीच्या पगारात ती काय काय भागवत होती ते मला माझा संसार झाल्यावर समजले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पोरं तिच्यावाचून झोपत नाहीत.” बस्स, एवढेच. आई गप्प झाली. पुढे वर्षा-दोन वर्षांनी हा प्रश्न निघायचा आणि हेच उत्तर यायचे. आत्यालाही ते ऐकू जात असणार. ओसरी आणि माजघर यांच्यात भिंत अशी नव्हतीच, एक जुने लुगडे टांगलेले होते.

मी अकरा वर्षांचा झालो तेव्हा दौंडला गेलो. मामा रेल्वेत होते, त्यांना मूलबाळ नव्हते, आणि मामीने आईकडे हट्ट धरला की दोन-तीन वर्षे तरी मुलाला शाळेसाठी आमच्याकडे ठेवा. शिरूरहून दौंड काही फार लांब नाही. पण आम्ही सामानासकट पुण्याला वळसा घालून गेलो, शिरूर ते पुणे एस. टी. आणि पुढे आगगाडी. शिरूर हे रस्त्याचे गाव, दौंड हे रुळांचे. मनमाडचा फाटा 1878 पासून इथून सुटतो, आणि बारामतीची छोटी गाडी 1914 पासून सुटत होती. त्या वेळी पुण्याकडून मनमाडला जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला सुटायचे आणि वळसा घेऊन मागच्या टोकाला लागायचे. आल्या तोंडाने गाडी परत निघाली म्हणून नवखे प्रवासी घाबरून खिडकीतून चौकशी करीत. रात्रभर शंटिंग चाले. पहिले पंधरा दिवस मला झोप आली नाही. ते शंटिंगमुळे, असे मामीला वाटले.

मग एकदा मामांच्या ओळखीच्या कुणाची बदली झाली आणि त्याच्या रद्दीतून एक जाडजूड पुस्तक आमच्याकडे आले. वरचा पुठ्ठा नाही, नावाचे पान नाही, शेवटची बरीच पाने कसरीने आणि माणसांनी मिळून नेलेली. मी मध्येच कुठेतरी उघडले आणि एका कोळ्याने जाळे टाकले.

त्या वाचनाचा परिणाम आज शब्दांत सांगणे कठीण आहे. ज्या घरात आपण जन्मापासून राहिलो ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे असे कळावे, तसे काहीसे झाले. पान उलटावे तो ओळखीचा माणूस निघे, पण परक्या कपड्यांत. साहेबाचा टोप नाहीसा झाला होता. काकवी नव्हती, तेल होते. रांजणे कुकडीत नव्हती. मी आठ दिवसांत ते पुस्तक फस्त केले, आणि आनंद राहिला बाजूला, मला आला राग. बाराव्या वर्षी माणूस फार न्यायी असतो. आत्याने या गोष्टी आपल्या म्हणून सांगितल्या होत्या, त्या तिच्या नव्हत्या. शिवाय तिने त्या चुकीच्या सांगितल्या होत्या. गंमत अशी की गोष्टींचे पूर्वार्ध पुष्कळसे जुळत आणि उत्तरार्ध बिलकूल जुळत नसत. मी तर पेन्सिलीने समासात खुणा केल्या.

1955 च्या दिवाळीत ते पुस्तक पिशवीत घालून मी शिरूरला आलो. नरकचतुर्दशीची रात्र. ओसरीवर सगळे जमलेले, आईसुद्धा करंज्यांचे शेवटचे घाणे काढून येऊन बसलेली. बहिणीने विचारले, “आत्या, झोपलीस का?” आत्या उत्तर देणार तेवढ्यात मी म्हणालो, “तिला कशाला विचारता? तिच्या गोष्टी या पुस्तकात आहेत सगळ्या. तिने इथूनच चोरल्यात. आणि शेवट तर सगळे चुकवलेत.”

कुणीच काही बोलले नाही. पणतीत तेल घालायला उठल्यासारखे करून वडील आत गेले. आत्याने पुस्तक माझ्या हातातून घेतले, उलटेसुलटे केले, पानांवरून तळवा फिरवला. तिला अक्षरओळख नव्हती हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले. म्हणजे ठाऊक होते, पण ध्यानात त्या क्षणी आले.

“असेल रे बाळा,” ती म्हणाली. “पुस्तकातलंच असेल. आता तू वाच. अगदी पहिल्यापासून वाच.”

मी मोठ्या ऐटीत पहिल्यापासून सुरुवात केली. या पुस्तकाची सुरुवात वाचकांना ठाऊक आहेच. एका बादशहाचा बायकांवरचा विश्वास उडतो. तो रोज एका मुलीशी लग्न लावतो आणि सकाळी तिला ठार मारवतो. शेवटी वजिराची मुलगी, शहरजाद, आपण होऊन त्याच्याशी लग्न करते. रात्री ती धाकट्या बहिणीला जवळ बोलावून घेते, ती बहीण गोष्ट सांगण्याचा आग्रह धरते, शहरजाद गोष्ट सांगू लागते, आणि पहाटे नेमकी अशा ठिकाणी आणून थांबवते की पुढे काय झाले ते ऐकण्यासाठी बादशहाला तिचा एक दिवस वाढवून द्यावा लागतो. मग आणखी एक. मग आणखी एक.

ही गोष्ट आत्याने आम्हाला कधी सांगितली नव्हती. तिलाच ती ठाऊक नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. गुडघ्यावर हनुवटी टेकून ती ऐकत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, “म्हणजे रात्रभर ही सांगणार, आणि दिवसभर पुढची जुळवणार.”

“हो.”

“मग ती झोपायची कधी?”

मला याचे उत्तर सुचले नाही. मी म्हटले, “ते दिलेलं नाही.”

“आणि शेवटी काय झालं तिचं?”

“शेवटची पाने नाहीत.”

त्यानंतर आत्याने आमच्या घरी गोष्ट सांगितली नाही. रागावली होती असे नव्हे. बहिणी विचारीत, तर ती म्हणे, “आता घरात वाचणारा आहे.” सुट्टीभर मी वाचले. माझे वाचन शुद्ध होते, शेवट बरोबर होते, आणि पोरे पाच मिनिटांत झोपत.

होळीच्या सुमारास मामीचे पत्र आले. दौंडला आमच्या चाळीच्या पलीकडच्या क्वार्टरमध्ये एका गार्डाची बायको वारली होती, दोन लहान मुले होती, स्वयंपाकाला आणि मुलांकडे पाहायला कुणी घरचे माणूस मिळेल का, असे. आईने ते पत्र वडिलांपुढे ठेवले. त्या वेळी वडिलांकडे जुने उत्तर उरलेले नव्हते. ते माझ्यामुळे, हे मला तेव्हा समजले नाही. आत्या ट्रंक घेऊन दौंडला गेली. आठ वर्षांपूर्वी आणलेली तीच.

या गोष्टी तिला कुठे मिळाल्या ते आईने मला फार उशिरा सांगितले, आत्या गेल्यानंतर. सासरी तिचे सासरे रात्री माजघरात बसून घरच्या मंडळींना पोथीसारखे हे पुस्तक वाचून दाखवीत. आत्या नव्याने लग्न होऊन आली तेव्हा वाचन अर्ध्यावर आले होते, म्हणून सुरुवात तिला माहीत नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ऐके. गोष्ट रंगात आली की दूध तापवायची हाक येई. परत येईपर्यंत गोष्ट संपलेली असे. म्हणून उत्तरार्ध तिचे स्वतःचे होते. माझ्या पेन्सिलीच्या खुणा ज्या ज्या ठिकाणी होत्या, तिथे तिथे ती चुलीपाशी होती.

चाळिशीत मी मुलांसाठी पुस्तकाची धड प्रत विकत घेतली. तेव्हा पहिल्यांदा नावाचे पान पाहिले. मराठीत हा उद्योग कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून सुरू केला. त्यांच्याने तो पुरा झाला नाही. पुढचे काम त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी केले. 1874 साली ‘निबंधमाला’ काढून ज्यांनी भल्याभल्यांना फटके दिले ते विष्णुशास्त्री उडत्या गालिच्यांच्या आणि बाटलीतल्या राक्षसांच्या सहवासातही काही काळ होते, हे मला फार आवडले. कठोर निबंधकाराच्या घरात असे एक तरी पुस्तक असावे. आणि बाप-लेकांची ती भाषा! संथ, भरदार, कुणाची घाई नसलेली. आजच्या मुलांना ती जड वाटते हे खरे आहे; माझ्या मुलांनाही वाटली. पण मोठ्याने वाचली तर वाट सापडते. ती डोळ्यांसाठी लिहिलेली नाही.

याच सुमारास मला एक गोष्ट वाचायला मिळाली, आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. युरोपात या कथा नेल्या त्या आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने. त्याचे भाग 1704 ते 1717 या काळात निघाले. त्याच्या जवळच्या अरबी हस्तलिखितात तीनशे रात्रीही भरत नव्हत्या. वाचक मात्र हजाराची वाट पाहत होते. अशी आख्यायिका आहे की पॅरिसमधली टवाळ पोरे थंडीच्या रात्री त्याच्या खिडकीखाली जमून त्याला उठवीत आणि पुस्तकातल्या धाकट्या बहिणीच्या आवाजात विचारीत की, झोप लागली नसेल तर एखादी गोष्ट सांगता का? अखेर 1709 मध्ये पॅरिसमध्ये त्याला अलेप्पोहून आलेला हन्ना दियाब नावाचा एक तरुण भेटला. त्याने तोंडी गोष्टी सांगितल्या, गालाँने रोजनिशीत टिपून घेतल्या, आणि पुढे आपल्या पद्धतीने फुलवून छापल्या. अल्लाउद्दिनचा दिवा त्यातला. अलीबाबा आणि चाळीस चोरही त्यातलेच. म्हणजे जगभर ज्या दोन गोष्टींमुळे हे पुस्तक ओळखले जाते त्या मूळ अरबी पुस्तकात नव्हत्याच. त्या एका माणसाने तोंडाने सांगितल्या होत्या. छापलेल्या पुस्तकात हन्ना दियाबचे नाव कुठेही नाही. त्याने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींची वही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होती. ती त्याचीच आहे हे ओळखले गेले 1993 मध्ये.

हा शेवटचा तपशील मला अलीकडे कळला. पण त्याआधीचे जेवढे कळले होते तेवढे पुरे होते. चोरले कुणी, आणि कुणाचे?

यंदाच्या वाचनाबद्दल थोडे सांगतो, कारण ते आधीच्या दोन्हींपेक्षा निराळे झाले. आता मला त्यातले जडजवाहीर कंटाळवाणे वाटते. माणके आणि पाचू यांच्या राशी एकदा वाचल्या की पुरे. राक्षस तर इतक्या वेळा उपयोगी पडतात की त्यांचे भय उरत नाही. गुलामांविषयी आणि बायकांविषयी जे जागोजागी लिहिले आहे ते मी नातवंडांना वाचून दाखवणार नाही, आणि त्याबद्दल मला कुणी सोवळा म्हटले तरी चालेल. पण जडजवाहीर बाजूला सारले तर खाली काय आहे? कोळी आहे, हमाल आहे, शिंपी आहे, न्हावी आहे. चौथ्यांदा जाळे टाकू की नको असा विचार करणारा माणूस आहे. सिंदबादच्या मानेवर बसलेला तो म्हातारा, जो पाय गळ्याभोवती आवळून उतरायचे नावच घेत नाही, तो बाराव्या वर्षी मला राक्षस वाटला होता, चाळिशीत कर्ज वाटला, आणि यंदा त्या म्हाताऱ्याचीच दया आली. त्यालाही चालवत नव्हते बिचाऱ्याला. रिकाम्या ताटावरची मेजवानी वाचताना मात्र मी हसलो. ऑपरेशननंतरचा माझा आहार साधारण तसाच होता.

आणि शेवट? शेवटी बादशहा तिला क्षमा करतो. क्षमा! कशाबद्दल ते कुणी विचारत नाही. आधीच्या मुलींचे काय, तेही कुणी विचारत नाही. शहर दिव्यांनी उजळते, मेजवान्या होतात. एवढ्या मोठ्या पुस्तकाचा हा शेवट मला तिन्ही वेळा, म्हणजे तो हाती असताना दोन्ही वेळा, अपुरा वाटला. दुसरा एक शेवट मला ठाऊक असल्यामुळेही तसे झाले असेल.

आत्या 1956 च्या उन्हाळ्यात दौंडला आली. मी त्याच चाळीत राहत होतो, पण तिच्याकडे जाणे मी टाळायचो. ती मामीकडे येई, माझ्या हातावर काहीतरी ठेवी, अभ्यास विचारी. पुस्तकाचे नाव आम्ही दोघेही काढीत नसू. पावसाळ्याच्या अखेरीस एके रात्री मामीने मला त्या गार्डाच्या क्वार्टरमध्ये विरजण मागायला पाठवले. दार लोटलेले होते, खिडकी उघडी होती. आत दिवा बारीक केलेला. मी वाटी घेऊन अंधारात उभा राहिलो.

एका लहान मुलाचा आवाज आला. प्रश्न तोच, फक्त आत्याऐवजी त्याने तिला मावशी म्हटले.

“नाही रे. डोळे नुसते मिटलेत.”

मग गोष्ट सुरू झाली, आणि ती त्या राणीची होती. पुष्कळ रात्री झालेल्या असाव्यात, कारण आत्या शेवटाला आली होती. राणीकडच्या सगळ्या गोष्टी संपल्या. कोळी संपला, चोर संपले, समुद्र आटला. पहाटेला अजून वेळ होता. राजा म्हणाला, सांग. राणी म्हणाली, महाराज, आता माझ्यापाशी काही नाही. इतक्यात यार्डात इंजिन शंटिंगला आले आणि डबे एकमेकांवर आपटत गेले. मला काही ऐकू येईना. मी खिडकीच्या अगदी जवळ सरकलो. दांड्याला धरून उभा राहिलो. इंजिन लांब गेले तेव्हा आत्या सांगत होती, “...मग राजानं तिच्या उशाशी दिवा बारीक केला. म्हणाला, इतकी वर्षं तू सांगितलंस. आज तू नीज. आज मी सांगतो.”

“मग कुठली सांगितली?” मुलाने विचारले.

“ती तिला कुठं ऐकू आली? तिला झोप लागली होती.”

मी विरजण न घेताच परत आलो. मामीने विचारले तेव्हा सांगितले की ते लोक झोपले होते.